भिंतीचा फोटो होळीला नको, गणपतीनंतर टाका

पोशेरा (ता. मोखाडा) : होळीला वीटभट्टीवरून, भिवंडी-वसईच्या बांधकामांवरून माणसं गावी आली की पाड्यापाड्यावर दोन कामं एकदमच सुरू होतात. एक म्हणजे घराची डागडुजी. दुसरं म्हणजे तिचे फोटो.

सहा महिने दुसऱ्याच्या बिल्डिंगीला विटा वाहिलेली माणसं चार दिवस स्वतःच्या कुडाला माती लावतात. कोणी ओटा नव्याने चोपतं, कोणी गेरूवर पांढरी चित्रं काढतं, कोणी बांबूच्या कांब्यांची फळी करून तिच्यावर डबे मांडतं. काम झालं की मोबाईल निघतो. स्टेटसला घर लागतं, ग्रुपवर घर फिरतं. खाली अंगठे आणि ‘लय भारी’. मग कोणीतरी विचारतं, “माती कुठली घेतली?” त्याला बहुतेक वेळा उत्तर येत नाही, कारण तोवर ग्रुपवर दुसरा फोटो आलेला असतो.

खरं तर ‘माती कुठली’ हाच कामाचा प्रश्न आहे. मार्च-एप्रिलमध्ये सारवलेली कुठलीही भिंत छानच दिसते. तिची परीक्षा आषाढ-श्रावणात होते. पाऊस चार महिने वाऱ्यासकट आडवा मारतो तेव्हा कोणाच्या भिंतीला पोपडे सुटले, कोणाचा कूड खालून बसला आणि कोणाचा टिकला, हे कळतं. तेव्हाचा फोटो मात्र कोणी टाकत नाही. पडलेली भिंत दाखवायला लाज वाटते आणि टिकलेल्या भिंतीत दाखवण्यासारखं काही वाटत नाही. त्यामुळे मोबाईलवर घरं पुष्कळ दिसतात, पण त्यातून शिकायला फार थोडं मिळतं.

या बातमीत हातच्या कामामागचं गणित सांगितलं आहे. पुढच्या हंगामात भिंत लिंपणाऱ्याला ते उपयोगी पडेल आणि फोटो टाकणाऱ्याला काय लिहायचं तेही कळेल.

कुडाची भिंत टिकते कशी

कूड म्हणजे सांगाडा. मेढी रोवायच्या, त्यांच्यामध्ये कारवीच्या काठ्या एकीला एक लावून उभ्या करायच्या, बांबूच्या आडव्या कांब्यांनी त्या बांधायच्या आणि दोन्ही बाजूंनी शेणमाती चोपायची. छपराचं ओझं मेढी आणि आडी घेतात. भिंत फक्त आडोसा देते. म्हणून कुडाची भिंत एका बाजूने कोसळली तरी छप्पर डोक्यावर राहतं. दगड-विटांच्या घरात भिंतीवरच भार असतो, तिथे तसं होत नाही.

हे लक्षात घेण्याचं आणखी एक कारण आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी पट्ट्यात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाचे लहान-मोठे धक्के बसत राहिले आणि त्या वेळी जिल्ह्यातली माणसं थंडीत घराबाहेर झोपली. हलकी, बांधलेली भिंत धक्क्याबरोबर थोडी डुलते. नुसत्या मातीत रचलेली दगडाची जड भिंत डुलत नाही, ती सुटते. कुडाचं घर गरिबाचं म्हणून हिणवलं जातं, पण या एका बाबतीत ते पुष्कळ ‘पक्क्या’ घरांपेक्षा शहाणं आहे.

कुडाचा शत्रू पाणी. तेही वरून पडणाऱ्यापेक्षा खालून चढणारं. पागोळ्या जिथे पडतात तिथून शिंतोडे उडून भिंतीचा खालचा हातभर भाग रोज भिजतो. माती भिजली की सुटते, काठी उघडी पडते, ती कुजते किंवा तिला वाळवी लागते. मग पुढच्या वर्षी वरून कितीही सारवलं तरी भिंत आतून पोकळच. म्हणून जुनी माणसं आधी जोत्याकडे बघतात. दगडाचं जोतं हातभर वर उचललेलं असेल, वळचण पुरेशी बाहेर आलेली असेल आणि पागोळ्यांचं पाणी चर काढून लांब नेलेलं असेल, तर लिंपण थोडं कच्चं असलं तरी निभतं. या तीन गोष्टी नसतील तर चांगली मातीही टिकत नाही. पावसाच्या अंगाची भिंत, म्हणजे बहुतेक घरांची पश्चिमेची, तिच्यावर पेंढा, गवत किंवा ताडपत्री बांधतात. फोटोत ते बरं दिसत नाही म्हणून काही पोरं काढून ठेवतात. तसं करू नका.

कारवीचं एक वेगळं गणित आहे. हे झुडूप साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलतं आणि बी धरून मरतं. मुंबईत बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात २०१६ साली ते फुललं, नंतर २०२४ साली. प्रत्येक डोंगराचं साल एकच असेल असं नाही. फुलोरा होऊन गेला की पुढच्या पावसात नवी रोपं येतात, पण ती काठीजोगी व्हायला काही वर्षं जावी लागतात. त्या मधल्या काळात जाड कारवी मिळत नाही आणि मिळेल ती कोवळी काठी तोडली जाते. कोवळी काठी लवकर कुजते. अशा वर्षी जुन्या कुडातल्या चांगल्या काठ्या काढून पुन्हा वापराव्यात. कमी पडतील तिथे बांबूच्या कांब्या, निरगुडीच्या काठ्या किंवा तुराट्या घालता येतात. जंगलातून काठी आणायचा प्रश्न येतो तेव्हा, ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे ग्रामसभेत ठरवून आणणं सोयीचं पडतं. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजात बांबू धरलेला आहे आणि झुडपांचं लाकूडही. मालकीच्या बांधावरचा बांबू तर नोव्हेंबर २०१७ च्या दुरुस्तीनंतर वन कायद्यात ‘झाड’ राहिलेला नाही.

बांबूबद्दल एकच सांगायचं. तो हिवाळ्यात तोडावा, पावसात नव्हे. पावसाळ्यात कोंब वाढत असतात, रस भरलेला असतो, आणि त्या रसातल्या पिठावरच भुंगा जगतो. तोडलेला बांबू दोन-तीन आठवडे वाहत्या ओहोळात बुडवून ठेवला की ते पीठ बरंच धुऊन जातं. नंतर सावलीत वाळवावा. ‘अंधारीत तोडावा’ असंही जुनी माणसं सांगतात. ते पाळलं तर नुकसान काही नाही, पण पाण्यात बुडवणं त्याच्यामुळे टळत नाही.

माती, शेण आणि भेगा

आता मूळ प्रश्न, माती कुठली?

मातीत वाळू असते, गाळ असतो आणि चिकण असतो. चिकण धरून ठेवतो, पण वाळताना आकसतो म्हणून भेगा पडतात. वाळू आकसत नाही, पण धरत नाही, म्हणून नुसत्या वाळूची भिंत झाडूने झडते. दोन्हींचं जमलं की भिंत जमली. भातखाचराची काळी चिकट माती एकटी वापरली की तडे जाणार. माळाची लाल मुरमाड माती एकटी वापरली की पापुद्रे सुटणार. म्हणूनच दोन ठिकाणच्या माती मिसळायची पद्धत पडली. वारुळाची माती बारीक आणि चिकट असते, तिलाही मान आहे. पण जिवंत वारूळ फोडू नका. त्यात साप असू शकतो.

माती ओळखायला रिकामी पाण्याची बाटली पुरते. बाटलीत तिसरा हिस्सा माती भरा, वर पाणी घाला, चिमूटभर मीठ टाकलं तर माती लवकर बसते. जोरात हलवा आणि दिवसभर न हलवता ठेवा. खाली वाळू बसेल, मधे गाळ, सर्वांत वर चिकण. वरचा थर एकूण मातीच्या चौथ्या हिश्श्याच्या आसपास असला तर माती बऱ्यापैकी. फारच जाड असला तर वाळू किंवा मुरमाची चाळलेली माती घाला. अगदी पातळ असला तर चिकण माती आणा. या बाटलीचा फोटो भिंतीच्या फोटोपेक्षा दहापट उपयोगाचा आहे.

दुसरी परीक्षा भिंतीवरच घ्यायची. तीन-चार वेगवेगळी मिश्रणं करा आणि वीतभर लांब-रुंद असे तुकडे भिंतीला लावा. शेजारी कोळशाने १, २, ३ असे आकडे घाला. कशात किती घमेली माती, किती शेण, किती भुसा, ते वहीत लिहा. चार-पाच दिवसांनी ज्या तुकड्याला भेग नाही आणि जो बोटाने घासून झडत नाही, तो तुमचा. यात आठवडा जातो हे खरं. पण भिंतभर माती लावून मग ती पडलेली बघण्यापेक्षा बरं.

शेण का घालतात, याचं उत्तर बहुतेक जण ‘पूर्वापार घालतात’ असं देतात. कारण साधं आहे. पेंढा-गवत खाणाऱ्या जनावराच्या शेणात न पचलेले बारीक तंतू असतात. ते मातीला आतून शिवून धरतात, त्यामुळे आकसताना मोठी भेग न पडता ताण वाटला जातो. शेणातल्या चिकटपणाने मातीही एकजीव होते. भाताचा भुसा किंवा चार बोटं लांब कापलेला पेंढा हेच काम जाड थरात करतो. म्हणून आतला पहिला थर जाड, त्यात भुसा-पेंढा जास्त. वरचा थर पातळ, त्यात शेण जास्त आणि माती चाळलेली. पहिला थर पुरता वाळून त्याला भेगा पडू द्यायच्या, त्या भरायच्या, मगच वरचा थर. घाई असते ती इथेच. भट्टीवरून मुकादमाचा परत फोन यायच्या आत उरकायचं म्हणून दोन्ही थर एकाच दिवशी लागतात आणि जूनच्या पहिल्या झडीत वरचा थर पोळीसारखा सुटतो.

माती आदल्या दिवशी नव्हे, दोन-तीन दिवस आधी भिजत घालावी आणि पायांनी तुडवावी. जुन्या भिंतीवर नवा थर देताना आधी भिंतीवर पाणी शिंपडावं. कोरडी भिंत नव्या मातीतलं पाणी ओढून घेते आणि नवा थर धरत नाही. भेगा पडलेल्या भिंतींच्या निम्म्या तक्रारी एवढ्या एका गोष्टीने कमी होतील.

शेणाबद्दल एक इशारा. शेणात आणि मातीत धनुर्वाताचे जंतू असू शकतात. हाताला कापलेलं असेल, भेगाळलेलं असेल तर शेणमातीत हात घालू नका, आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं नसेल तर आरोग्य केंद्रात घ्या. बाळाच्या नाळेला किंवा जखमेला शेण, माती, राख काही लावायचं नाही. ‘शेण म्हणजे औषध’ असले व्हिडिओ पुष्कळ फिरतात म्हणून हे इथे लिहावं लागतं.

कुडावर सिमेंट : सर्वांत महागडी चूक

हल्ली एक प्रकार वाढला आहे. दरवर्षी सारवायचा कंटाळा म्हणून कुडाच्या किंवा मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा गिलावा. फोटोत भिंत एकदम पक्की दिसते, रंगही छान बसतो. ग्रुपवर तिला सगळ्यात जास्त अंगठे मिळतात.

होतं असं. माती ओलीने फुगते, वाळली की आकसते. वर्षभर तिचं हे चालू असतं. सिमेंट कडक, ते हलत नाही. दोघांचं जमत नाही आणि मधे फट पडते. बोटाने ठोकून बघा, पोकळ आवाज येईल. शिवाय मातीच्या भिंतीत शिरलेली ओल एरवी दोन्ही अंगांनी हवेत निघून जाते. बाहेरून सिमेंट बसलं की तो रस्ता बंद. ओल आतच राहते, मेढीचं बूड कुजतं, कारवीला वाळवी लागते, आणि हे सगळं सिमेंटच्या आड, दिसत नाही असं. दोन-चार पावसाळ्यांनी गिलाव्याचा मोठा तुकडा मातीसकट खाली येतो. भट्टीवर राबून आणलेला पैसा त्यात गेलेला असतो. सारवणाला खर्च जवळपास नसतो, मेहनत असते. ती मेहनत वाचवायला गेलेला पैसा भिंतच घेऊन जातो.

ज्यांनी आधीच असं केलं आहे त्यांनी निदान खालचा दीड-दोन हात गिलावा फोडून बघावा, मेढी शाबूत आहेत का ते पाहावं आणि तो भाग शेणमातीने किंवा चुना-मातीने लिंपावा. चुना मातीशी जुळवून घेतो, ओल अडवत नाही. जोत्याला, न्हाणीला, जिथे पाणी रोजचं आहे तिथे दगड आणि सिमेंट हवंच, त्याला कोणाची ना नाही.

घरकुलाची गोष्ट वेगळी

पाड्यावर आता घरकुलं बरीच झाली. २०१६ ला सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमध्ये घर किमान २५ चौरस मीटर, म्हणजे साधारण २६९ चौरस फूट धरलं आहे. कातकरी कुटुंबांना नोव्हेंबर २०२३ पासून पीएम-जनमन योजनेतून वेगळी घरं मिळतात. या घरांत फोटोची गंमत आधीपासूनच आहे. हप्ता सुटायला प्रत्येक टप्प्याचा जागेच्या खुणेसकट फोटो सरकारकडे जावा लागतो. पाया झाला फोटो, भिंती झाल्या फोटो, छत झालं फोटो. फोटोत काम झालेलं दिसतं. ते कसं झालं हे त्यातही दिसत नाही.

केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने ‘पहल’ नावाने राज्याराज्यांतल्या हवामानाप्रमाणे घरांच्या नमुन्यांचा संग्रह काढला, त्यात स्थानिक साहित्याला जागा आहे. म्हणजे योजनेत माती-बांबू बसतच नाही असं कोणी सांगितलं तर लगेच मान डोलवू नये, ग्रामसेवकाकडे चौकशी करावी.

घरकुलाची सगळ्यात मोठी तक्रार उन्हाळ्याची. कौलाखाली, कुडात वाढलेल्या माणसाला पत्र्याखाली किंवा स्लॅबखाली एप्रिलची दुपार काढवत नाही. म्हातारी माणसं आणि तान्ही पोरं जुन्याच खोपटात झोपतात आणि नवं घर सामानाला राहतं. यावर घरच्या घरी दोन गोष्टी करता येतात. स्लॅब असेल तर वर चुन्याचे दोन हात द्या. पांढरा रंग ऊन परतवतो आणि खाली फरक कळतो. पावसात तो धुपतो, म्हणून दरवर्षी होळीनंतर पुन्हा द्यायचा. चुना विझवताना उकळतो, डोळ्यात गेला तर डोळा जाऊ शकतो, त्यामुळे पोरं लांब आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. पत्र्यावर चुना धरत नाही. तिथे पत्र्याखाली वीतभर जागा सोडून बांबूचे तट्टे बांधावेत. पत्रा तापतो, पण मधली हवा आणि तट्टे ती धग थेट डोक्यावर येऊ देत नाहीत. दोन्ही टोकांना हवा निघायला वाट ठेवावी. चुलीच्या वर मात्र तट्टा नको, ठिणगीला वेळ लागत नाही. तट्ट्यावर उंदीर नांदतात हेही खरं आहे, त्याला मांजराशिवाय इलाज नाही.

चित्र आधी चौकात होतं

घर सजवायचं म्हटलं की पहिली येतात ती चित्रं. ती मुळात सजावट नव्हती. वारली घरात लग्न असलं की सवासणी गेरूच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक काढतात, चौकात पालघट देवी असते, आणि धवलेरी लग्न लावते. चौकाशिवाय लग्न नाही. चित्र पुढच्या पावसापर्यंत टिकलं तरी पुष्कळ, कारण ते टिकवण्यासाठी काढलेलंच नसायचं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी यांनी डहाणूकडच्या पाड्यांवर कागद आणि रंग पोचवले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी ती चित्रं भिंतीवरून कागदावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याचा अर्थ बाहेरच्याने कुठेही छापलेलं चित्र ‘वारली’ नावाने खपवायला आडकाठी आहे. कोणी आपल्या भिंतीवर काढायला मनाई नाही.

आता अडचण भिंतीची. शेणमाती आणि गेरूच्या खरखरीत, पाणी पिणाऱ्या भिंतीवर पिठाचं पाणी मुरतं आणि धरतं. सिमेंटच्या गुळगुळीत भिंतीवर ते नुसतं वर बसतं, हात लागला की पांढरं बोटाला येतं. नव्या गिलाव्यात क्षार असतात, ओलीबरोबर ते बाहेर फुटतात, त्याला लोणा म्हणतात. त्यावर काही टिकत नाही. म्हणून नव्या सिमेंटच्या भिंतीला निदान एक पावसाळा जाऊ द्यावा, सुकू द्यावी, मग गेरू कालवताना त्यात डिंक किंवा फेव्हिकॉल घालावा आणि पांढऱ्यासाठी पिठाऐवजी पाण्यात विरघळणारा तयार रंग घ्यावा. पिठाला पावसात बुरशी येते आणि मुंग्याही. ठेचलेल्या बांबूच्या काडीची लेखणी मात्र तशीच ठेवा, ती रेघ दुकानातल्या ब्रशने येत नाही.

लग्नाच्या चौकाचा फोटो टाकण्याआधी घरधन्याला आणि चौक काढणाऱ्या सवासणींना विचारावं. तो त्यांच्या देवाचा आहे.

मुखवट्यांचं तेच. बोहाड्याच्या सोंगांचे मुखवटे पूर्वी लाकडाचे असत, आता कागदाच्या लगद्याचे पुष्कळ होतात. पोरं घरी तसे लहान मुखवटे करून दिवाणखान्याला लावायला विकतात, ही चांगली गोष्ट आहे. खळीला पावसात बुरशी धरते आणि उंदीर खातात, म्हणून काही जण तिच्यात मोरचूद टाकतात. मोरचूद विष आहे. ते घातलेली खळ जेवणाच्या भांड्यात करू नका आणि असा मुखवटा लहान मुलाला तोंडाला लावायला देऊ नका. मानाचं सोंग ज्या घराकडे आहे त्याच्या मुखवट्याची नक्कल विकायची असेल तर त्या घरी एकदा बोलून घ्यावं, नाहीतर पुढच्या बोहाड्याला भांडण ठरलेलं.

टाकायचं तर काय टाकायचं

फोटो टाकणं वाईट नाही. भट्टीवर बसलेल्या माणसाला घर कसं आहे ते त्यातूनच कळतं. आईने मोखाड्यात केलेली युक्ती जव्हारच्या सासरी मुलीला कळते, तीही त्यातूनच. पण नुसत्या घरापेक्षा कामाचे चार-पाच टप्पे टाकावेत. उघडा कूड, भिजलेली माती, पहिला थर आणि त्याच्या भेगा, शेवटचा हात. खाली लिहावं : माती कुठल्या शिवारातली, किती घमेली, शेण किती, काम कोणत्या महिन्यात, किती माणसं, किती दिवस. लिहायला जमत नसेल तर आवाज भरून टाकावा. ज्या आजीला मापं हाताने कळतात तिला मोबाईल धरता येत नाही. तिच्या नातवाने समोर बसून रेकॉर्ड केलं तर पाच मिनिटांत होतं. ‘एवढं’ म्हणून ती ओंजळ दाखवेल, त्या ओंजळीचा फोटो घ्या. ओंजळ घमेल्यात किती वेळा बसते ते मोजा. ही माहिती कुठल्याही पुस्तकात त्या पाड्याच्या मातीपुरती लिहिलेली नाही आणि आजी काही कायमची नाही.

चुकलेलंही टाकावं. ‘नुसत्या काळ्या मातीने लिंपलं, आठ दिवसांत तडे’ एवढं एक वाक्य पन्नास घरांची मेहनत वाचवतं. हसणारे हसतील.

फोटो चांगला निघाला की शहरातून विचारणा येते. भिंत रंगवून द्याल का, मुखवटा कितीला, तट्टे पाठवाल का. किंमत सांगताना सामानाबरोबर दिवसाची मजुरीही धरा, चित्राला ‘पोरीने काढलंय’ म्हणून फुकट समजू नका. आणि एक पक्कं लक्षात ठेवा. पैसे घ्यायचे असतील तर क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन टाकावा लागत नाही. ‘आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवून द्या. घराच्या फोटोबरोबर घरकुलाचा कागद, पासबुक, आधार कार्ड मागे भिंतीला टांगलेलं दिसत नाही ना, तेही बघा.

आता जूनआधीचे थोडे दिवस उरले की ज्यांची भिंत लिंपून झाली आहे त्यांनी एक कोपरा निवडावा, शक्यतो पश्चिमेचा. त्याचा फोटो आज काढून ठेवावा, पण टाकू नये. गणपती गेले की त्याच जागी उभं राहून दुसरा फोटो काढावा आणि दोन्ही एकत्र टाकावेत. दोन्ही फोटोंत भिंतीचा खालचा हातभर भाग यायला हवा, जोत्यासकट. ओल तिथूनच चढते.